शाल एका दिवसाची, निधी पिढ्यांचा: निवृत्त होणाऱ्या सरांच्या नावे विद्यार्थी संशोधन निधी कसा उभारावा?

आपल्याकडे एखादे सर किंवा मॅडम निवृत्त झाले की सेवापूर्ती गौरव समारंभ ठरलेला असतो. गौरव समिती बसते, वर्गणी जमते, मंडप पडतो. शाल, श्रीफळ, हार, स्मृतिचिन्ह, मान्यवरांची भाषणे आणि शेवटी जेवण. कोणी हौशी असेल तर गौरवग्रंथ निघतो. दुसऱ्या दिवशी मंडपवाला सामान घेऊन जातो आणि कार्यक्रम संपतो. शाल कपाटात जाते, स्मृतिचिन्ह शोकेसमध्ये.

यात चूक काहीच नाही. उस्तादाचा मान राखणे हा आपला अदब आहे. पण एक प्रश्न विचारायला हवा. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे पोरांना शिकवले, त्याचा खरा गौरव कशात? मंडपावर खर्च झालेल्या लाख-दीड लाखात, की त्याच्या नावाने पुढची पन्नास वर्षे दरसाल दोन मुले अभ्यासाला लागतील यात?

समजा, शिरूर अनंतपाळच्या कॉलेजातले इतिहासाचे किंवा रसायनशास्त्राचे एक सर पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांचे विद्यार्थी आज शिक्षक आहेत, एसटीत आहेत, पुण्यात कंपनीत आहेत, कोणी दुबई-रियाधला आहेत. यातल्या 250 जणांनी प्रत्येकी 2,000 रुपये दिले तर 5 लाख होतात. या पैशांतून सरांच्या नावाचा विद्यार्थी संशोधन निधी उभा राहू शकतो. तो कसा असतो, त्यात अडचणी कोणत्या आणि आपल्या दीनच्या दृष्टीने काय पाहावे लागते, हे आज समजून घेऊ.

अक्षय निधी म्हणजे काय?

याचा नियम एका ओळीचा आहे: मूळ रक्कम कधीच खर्च करायची नाही, तिच्यापासून येणारे उत्पन्नच वापरायचे. म्हणून त्याला अक्षय निधी किंवा कायम निधी म्हणतात. आंब्याचे झाड तोडून लाकूड विकले तर एकदाच पैसे मिळतात. झाड राखले तर दरसाल आंबे खाता येतात.

साधी शिष्यवृत्ती आणि संशोधन निधी यांत फरक आहे. शिष्यवृत्ती मार्कांवर किंवा गरजेवर मिळते आणि फीमध्ये जाते. संशोधन निधी एका कामासाठी मिळतो. विद्यार्थी एक प्रश्न घेतो, त्याचा शोध घेतो, शेवटी लिहून देतो. त्यासाठी प्रवास, झेरॉक्स, माती-पाण्याची तपासणी, पुस्तके असा जो खर्च येतो, तो निधी उचलतो.

ही कल्पना आपल्यासाठी नवी नाही

हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये चांगली जमीन मिळाली होती. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना विचारले. मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न सदका करण्याचा सल्ला त्यांना मिळाला. मग ती जमीन विकायची नाही, कोणाला बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही आणि उत्पन्न गरजूंसाठी लावायचे, असे ठरले. वक्फची कल्पना याच प्रसंगावर उभी आहे. अक्षय निधीचा नियमही नेमका हाच आहे.

माणूस गेल्यावर त्याचे अमल थांबतात, पण तीन गोष्टींचा सवाब चालू राहतो, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो: सदका-ए-जारिया, लोकांना फायदा होईल असे इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद. उस्तादाच्या नावाच्या संशोधन निधीत यातल्या पहिल्या दोन गोष्टी एकत्र येतात.

आपल्या भागाचेच उदाहरण हवे असेल तर बीदरला जावे. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, म्हणजे बीदर आपल्याला परके नाही. तिथे बहमनी सल्तनतीचे वजीर महमूद गवान यांनी 1472 च्या सुमारास मोठा मदरसा बांधला. तिथे शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय होती आणि सुमारे 3,000 हस्तलिखितांचे ग्रंथालय होते, असे सांगितले जाते. 1481 मध्ये गवानना कटकारस्थानात जीव गमवावा लागला. त्यांना मारण्याचे फर्मान काढणाऱ्या सुलतानाचे नाव आज किती जणांना आठवते? मदरसा बघायला मात्र आजही लोक जातात.

महाराष्ट्रात हे घडलेले आहे

शिक्षकाच्या गौरवासाठी जमवलेला पैसा अभ्यासाला लावण्याची पद्धत महाराष्ट्रात दीडशे वर्षांची आहे. त्यातली एक साखळी मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

डॉ. जॉन विल्सन हे मुंबईतले स्कॉटिश मिशनरी आणि शिक्षक. आजचे विल्सन कॉलेज त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून वाढले आणि ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. त्यांच्या सन्मानार्थ चाहत्यांनी पैसे जमवले आणि त्यातून मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्राची व्याख्यानमाला सुरू झाली. विल्सन 1875 मध्ये वारले. 1877 मध्ये या मालेची व्याख्याने द्यायला उभे राहिले मालवणमध्ये जन्मलेले चाळीस वर्षांचे रामकृष्ण गोपाळ भांडारकर. संस्कृत, प्राकृत आणि आजच्या देशी भाषांचे नाते सांगणारी ती व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने आली.

हेच भांडारकर पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1893 मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि चाहत्यांनी त्यांचा गौरव कसा केला? 6 जुलै 1917 रोजी, त्यांच्या 80 व्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. टाटा घराण्याने मदत केली, सरकारने डेक्कन कॉलेजातला हस्तलिखितांचा संग्रह संस्थेकडे सोपवला आणि भांडारकरांनी स्वतःची पुस्तके देऊन टाकली. या संस्थेने 1919 मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. ते काम 1966 मध्ये पुरे झाले. सुरुवात करणाऱ्यांतले अनेक जण तोवर हयात नव्हते, पण काम थांबले नाही, कारण ते एका माणसावर नव्हे तर संस्थेवर आणि निधीवर उभे होते.

आपल्या वाचकांना यातली आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. या महाभारताच्या प्रकाशनासाठी हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी वार्षिक अनुदान दिले आणि संस्थेच्या अतिथिगृहासाठीही रक्कम दिली. ते अतिथिगृह निजामांच्या नावानेच ओळखले जाते. तेव्हा आपला मराठवाडा निजामांच्याच राज्यात होता.

एका ख्रिस्ती शिक्षकाच्या नावाच्या निधीने एका हिंदू विद्वानाला व्यासपीठ दिले आणि त्या विद्वानाच्या नावाच्या संस्थेला एका मुस्लिम राज्यकर्त्याने मदत केली. इल्मच्या वाटेवर अशी देवाणघेवाण पूर्वीपासून आहे.

मराठवाड्यात संशोधन करणारे मुस्लिम प्राध्यापक झाले नाहीत, असेही नाही. डॉ. यू. म. पठाण यांनी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात मराठी शिकवताना संत आणि महानुभाव साहित्यावर आयुष्यभर काम केले आणि 1990 च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर राज्यशास्त्र शिकवत आणि मुस्लिम समाजाच्या प्रश्नांवर मराठीत लिहीत. अशी माणसे पुढेही व्हावीत असे वाटत असेल तर सुरुवातीच्या वयात कोणीतरी हात द्यावा लागतो.

आत्ताच का?

सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितले होते की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी किंवा पदविका घेतलेल्यांचे देशाचे प्रमाण सुमारे 7 टक्के असताना मुस्लिमांत ते 4 टक्क्यांहूनही कमी होते. तो 2001 च्या जनगणनेचा आकडा. तेव्हापासून आपली मुले-मुली कॉलेजात दिसू लागली आहेत, मुली तर जास्तच. पण पदवीनंतर एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. म्हटले की घरात विचार सुरू होतो.

अल्पसंख्याक समाजातील पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली, ही चांगली बाब. तिचा पाठपुरावा आपण करत राहिलेच पाहिजे. पण अशा योजना मुख्यतः पुढच्या टप्प्यासाठी असतात. शिरूर अनंतपाळला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला लागणारे आठ-दहा हजार रुपये कोणत्याच योजनेत बसत नाहीत. आणि संशोधनाची गोडी लागते ती याच वयात.

विषय तर आपल्या अंगणातच पडले आहेत. घरणी आणि साकोळ प्रकल्पांच्या पाण्याचा गावागावांवर काय परिणाम झाला? 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यानंतर आपल्या बोअरची खोली किती वाढली? सोयाबीन आल्यावर ज्वारी, करडई कुठे गेली? दर्ग्यांवरच्या आणि जुन्या मशिदींवरच्या फारसी शिलालेखांचे वाचन झाले आहे का? घरोघरी पेटीत पडलेली उर्दू, फारसी, मोडी कागदपत्रे कोण वाचणार?

एक विषय तर थांबू शकत नाही. सप्टेंबर 1948 च्या पोलिस कारवाईच्या आणि त्याआधीच्या रजाकारांच्या काळाच्या आठवणी. पंडित सुंदरलाल समितीने मुस्लिमांची सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्ग्याची नावे घेतली होती. रजाकारांचा जुलूम सोसलेली हिंदू घरेही याच गावांत आहेत आणि कारवाईनंतर उद्ध्वस्त झालेली मुस्लिम घरेही. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. दोन्ही घरांतल्या दादी-नानी, आजोबांचे बोलणे नीट, सन्मानाने नोंदवून ठेवणारा विद्यार्थी आज मिळाला नाही तर दहा वर्षांनी विचारायला कोणी राहणार नाही.

“पण बेटा, सूदचा पैसा कशाला?”

निधीची गोष्ट काढली की जमातीतले बुजुर्ग पहिला सवाल हाच विचारतात, आणि तो रास्त आहे. मुदत ठेवीवरचे व्याज बहुसंख्य उलेमा रिबा मानतात. मग सदका-ए-जारियाच्या नावाने व्याजावर चालणारा निधी कसा उभारायचा? यावर काही मार्ग आहेत.

पहिला मार्ग, भाडे. रक्कम मोठी असेल तर ट्रस्टच्या नावे एखादा गाळा घेऊन भाड्याने देणे. भाड्याचे उत्पन्न जायज आहे आणि जुन्या वक्फची रीतही हीच. पण त्यासाठी 5 लाख पुरत नाहीत. शिवाय भाडेकरू, दुरुस्ती, घरपट्टी पाहणारा माणूस लागतो.

दुसरा मार्ग, शरियतचे निकष लावून निवडलेल्या कंपन्यांत गुंतवणूक करणारे म्युच्युअल फंड. यात भाव खाली-वर होतो, नुकसानही होऊ शकते. आणि एक कायदेशीर अडचण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 35 नुसार ट्रस्टचा पैसा मुख्यतः बँक, पोस्ट किंवा सरकारी रोख्यांतच ठेवावा लागतो. वेगळी गुंतवणूक करायची तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. हे न विचारता केले तर विश्वस्त अडचणीत येतात.

तिसरा मार्ग लहान गावासाठी सर्वांत सोपा आहे: दरसालचा वादा. मूळ ठेव न करता 40 माजी विद्यार्थी दरवर्षी 1,000 रुपये देण्याचे कबूल करतात. 40,000 रुपये येतात आणि त्याच वर्षी खर्च होतात. यात व्याज नाही, गुंतवणूक नाही. कमजोरी एकच, उत्साह ओसरला की पैसे थांबतात. म्हणून आधी पाच वर्षे असे चालवावे, विश्वास बसला की गाळ्यासाठी रक्कम जमवावी.

चौथा मार्ग, कॉलेजकडे किंवा विद्यापीठाकडे ठेव देणे. देणगीदारांच्या ठेवींतून सुवर्णपदके आणि पारितोषिके देण्याची पद्धत विद्यापीठांत जुनी आहे. आपल्यासाठी नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. व्यवस्था टिकाऊ असते, पण तिथे ठेव बँकेत राहते आणि व्याजच येते. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी वार्षिक खर्चाचा वाटा उचलावा.

यातला कोणता मार्ग घ्यायचा, ते आपल्या भरवशाच्या मुफ्ती साहेबांना आणि सीएला एकाच बैठकीत बसवून ठरवावे. दोघांना वेगवेगळे विचारले की गोंधळ होतो.

जकातीबद्दलही स्पष्ट असावे. जकात हक्कदाराच्या मालकीत गेली पाहिजे, म्हणून ती कायम ठेवीत अडकवता येत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. विद्यार्थी स्वतः जकातीचा हक्कदार असेल तर ती त्याच्या हातात थेट देता येते. निधीसाठी नफ्ल सदका आणि देणगीच घ्यावी, आणि दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावेत.

कागदपत्रे आणि पैशांचे नियम

नवीन ट्रस्ट काढण्याची घाई करू नये. गावात आधीच नोंदणीकृत शिक्षण संस्था किंवा माजी विद्यार्थी संघ असेल तर त्याच्याशी लेखी करार करून वेगळे खाते उघडावे. करारात चार वाक्ये पक्की हवीत: मूळ रकमेला हात लावायचा नाही, पैसा फक्त विद्यार्थी संशोधनासाठी, दरवर्षी हिशेब जाहीर, आणि संस्था बंद पडल्यास निधी कोणाकडे जाणार.

देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेकडे 80 जी नोंदणी असावी लागते. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही.

आखातातल्या भावांनी लक्षात ठेवावे: भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी त्याची देणगी विदेशीच ठरते आणि घेणाऱ्या संस्थेला एफसीआरए नोंदणी लागते. हवालदिलाने किंवा कोणाच्या तरी खिशातून आलेला पैसा घेऊच नये.

पैसे कोणाला, किती, कशासाठी?

निधीची इज्जत निवडीवर टिकते. समितीत पाच जण असावेत: कॉलेजचे दोन शिक्षक, एक माजी विद्यार्थिनी, एक बाहेरगावचा जाणकार आणि देणगीदारांचा एक प्रतिनिधी. ज्याचा नातेवाईक अर्जदार आहे, त्याने त्या दिवशी उठून बाहेर बसावे. निवृत्त सर समितीत नसलेलेच बरे. त्यांच्यावर शिफारशींचा भार पडतो.

अर्ज दोन पानांचा, मराठी, उर्दू किंवा हिंदीत चालेल असा. त्यात तीनच गोष्टी: मला काय शोधायचे आहे, ते कसे शोधणार आणि पैसा कुठे लागणार. अर्धी रक्कम सुरुवातीला, उरलेली अहवाल दिल्यावर.

खर्चाच्या यादीत एक बाब मुद्दाम घालावी. मुलीला हैदराबादच्या तारनाक्यातल्या अभिलेखागारात निजामकाळची दप्तरे बघायला जायचे असेल तर घरचे तिला एकटी पाठवायला कचरतात. अशा वेळी सोबत जाणाऱ्या आईचे किंवा भावाचे तिकीटही निधीने द्यावे. एवढ्या एका तरतुदीने कितीतरी मुलींचा रस्ता मोकळा होईल.

निधी फक्त आपल्या समाजासाठी की सर्वांसाठी? सरांनी वर्गात सगळ्यांना शिकवले असेल तर त्यांच्या नावाचा निधीही सगळ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी खुला असावा. त्यामुळे देणगीदारही सर्व समाजांतून येतील. कामाचे सादरीकरण दरवर्षी 11 नोव्हेंबरला, मौलाना आझादांच्या जन्मदिनी म्हणजे राष्ट्रीय शिक्षण दिनी ठेवता येईल. चांगल्या प्रकल्पांना पुढे विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत पाठवावे.

कुठे गाडी अडते?

असे निधी बुडतात ते बहुधा तीन कारणांनी. पहिले, मोठे आकडे जाहीर होतात आणि पैसे येत नाहीत. म्हणून बँकेत जमा झालेलीच रक्कम जाहीर करावी. दुसरे, सगळे एका माणसाच्या हातात असते. तो गावाबाहेर गेला की वही सापडत नाही. तिसरे, महागाई. आजचे 10,000 रुपये पंधरा वर्षांनी निम्म्या कामालाही पुरणार नाहीत. म्हणून दरसालच्या उत्पन्नातला चौथा हिस्सा परत मूळ रकमेत घालावा.

आणि सर्वांत आधी सरांना विचारावे. “सर, आम्ही तुमच्या नावाने हे करू इच्छितो, तुमची इजाजत आहे का?” काही सर म्हणतील, माझे नाव नको, माझ्या उस्तादांचे द्या. तसे म्हणाले तर तसेच करावे. शागिर्दाने उस्तादाचे नाव पुढे नेणे, हीच तर ही रीत आहे.

पुढच्या सेवापूर्ती समारंभाची बैठक बसेल तेव्हा आपल्यातल्या एकाने उठून एवढेच म्हणावे: मंडप छोटा करू, शाल एकच देऊ, उरलेल्या पैशांची पहिली पावती सरांच्या निधीच्या नावाने फाडू. शिरूर अनंतपाळसारख्या गावातून हे सुरू व्हायला मोठ्या शेठची गरज नाही. एक प्रामाणिक वही, पाच माणसे आणि शिकू पाहणारी एक मुलगी पुरेशी आहे. अल्लाह आपल्या सर्व उस्तादांच्या मेहनतीला कबूल करो आणि त्यांचे इल्म पुढे चालू ठेवण्याची तौफीक आपल्याला देवो. आमीन.